दोनाचे तीन कसे झाले

पावाय,
९ फेब्रुवारी २००५, राखेचा बुधवार

आडिंग क्रिस्पिना,

चर्चमध्ये कपाळाला लावलेली राख अजून पुसलेली नाही आणि तुला लिहायला बसले आहे. मावस असलीस तरी तू माझी आडिंग, धाकटी बहीण; पण गेल्या दोन वर्षांत एका नाताळच्या कार्डापलीकडे तू मला एक ओळ पाठवली नाहीस. ते भांडण पुढे कधीतरी करू. आज काम आहे.

माझ्या डाव्या स्तनात गाठ निघाली. मागावर फणी ठोकताना काखेजवळ काहीतरी घासतंय असं नाताळपासून वाटत होतं. मी कुणाला बोलले नाही, पण एडिथा माझीच लेक, आंघोळीच्या वेळी तिला दिसलं आणि तिने मला ओढत लावागच्या इस्पितळात नेलं. तिथली सर्जन डॉक्टर आग्पालो ही आपल्या एडिथाएवढीच पोर. तिने चाचपलं, फोटो काढले, सुई घातली, आणि सोमवारी सांगितलं की कॅन्सर आहे, दुसरी स्टेज वाटते. कितीपैकी दुसरी, असं मी विचारलं तर ती कागदावर चित्र काढायला लागली. ज्याला सरळ उत्तर द्यायचं नसतं तो चित्र काढतो.

पुढचं ऐक. मला बाहेर बाकावर बसवलं आणि एडिथाला आत ठेवून घेतलं. समोर भिंतीवर घड्याळ होतं. सोळा मिनिटं. बाहेर आली तेव्हा पोरीचं नाक लाल. म्हणते, डॉक्टर ऑपरेशनच्या तारखा सांगत होत्या. तारखा सांगायला सोळा मिनिटं? घरी आल्यावर तिने परसातली कोंबडी कापली. घरची कोंबडी आपल्याकडे कधी कापतात ते तुला मी सांगायला नको. पाहुणा येताना, नाहीतर माणूस जाताना. पाहुणा तर कुणी आलेला नव्हता.

मोबाइलवर का नाही कळवलं म्हणशील. त्यातली बारीक अक्षरं मला दिसत नाहीत, मेसेज एडिथाच वाचून दाखवते, आणि वाचताना काय गाळते ते देव जाणे. तेव्हा उत्तर पत्राने पाठव. पाकिटाला टेप लाव.

तू एकतीस वर्षं ऑपरेशनच्या वॉर्डात नर्स होतीस. मला त्या आकड्याचा अर्थ सांग. थोरल्या बहिणीशी गोड बोलू नकोस.

तुझी मनांग,
होनोराता

---

बागियो,
१८ फेब्रुवारी

मनांग,

पत्र दोनदा वाचलं. गोड बोलायला मला कधीच जमलं नाही, त्यामुळे ती काळजी करू नकोस.

डॉक्टर तीन गोष्टी बघतात. गाठ केवढी आहे. काखेतल्या ग्रंथींपर्यंत आजार गेला आहे का. आणि शरीरात लांब कुठे, म्हणजे हाडात, यकृतात, फुप्फुसात पोचला आहे का. या तीन उत्तरांवरून आकडा ठरतो. शून्यही असतो, तेव्हा आजार दुधाच्या नळीच्या आतच असतो. पहिली स्टेज म्हणजे गाठ लहान, दोन सेंटिमीटरच्या आत, आणि जागच्या जागी. दुसरी म्हणजे गाठ त्याहून मोठी, किंवा काखेतल्या एक ते तीन ग्रंथींत शिरलेली. तिसरी म्हणजे जास्त ग्रंथींत, किंवा गाठ फारच मोठी, किंवा कातडीला, छातीच्या भिंतीला धरलेली. तिसरीपर्यंत डॉक्टर आजार मुळापासून काढायच्या हिशेबानेच उपचार करतात. चौथी म्हणजे लांब गेलेला.

आता एक वाक्य नीट वाच. आत्ता जो आकडा सांगितला आहे तो बोटांनी आणि फोटोवरून बांधलेला अंदाज आहे. खरा आकडा ऑपरेशननंतर, काढलेला भाग दुर्बिणीखाली बघितल्यावर ठरतो. तो वर जाऊ शकतो, खालीही येऊ शकतो.

सुईची जागा जांभळासारखी काळीनिळी होईल आणि पंधरवडाभर राहील. घाबरू नकोस. कुणा चोळणाऱ्या म्हाताऱ्याकडे जाऊ नकोस. ऑपरेशनची तारीख चुकवू नकोस.

मी यायला हवं, पण पाठीमुळे बसचा प्रवास सोसत नाही.

क्रिस्पिना

---

पावाय,
१ मार्च

आडिंग,

तुझं ते 'नीट वाच' म्हटलेलं वाक्य मी नीट वाचलं. आकडा वर जाऊ शकतो, हे आधीच लिहून ठेवायची तुला काय गरज पडली? जावई पळून जाणार हे ठाऊक असलेला माणूसच लग्नाआधी म्हणतो की पुरुषांचं काही सांगता येत नाही. परवा एडिथाच्या तोंडून निसटलं, 'आंटी म्हणते की ऑपरेशननंतर दंडावर वजन घ्यायचं नाही.' आंटी कधी म्हणाली? मला लिहिलेल्या पत्रात तर हे नाही. म्हणजे तुमच्या दोघींचं माझ्या पाठीमागे चालू आहे.

शेजारची बासिलिसा म्हणते, चाकू लावला की आत हवा शिरते आणि आजार पसरतो. तिच्या दिराचं तसंच झालं. मी तिला म्हटलं की तुझा दीर दारूने गेला. पण मनात राहिलंच.

सोमवारी, ७ तारखेला ऑपरेशन आहे. मागावर बाताकच्या एका नवरीची चादर अर्धी विणून पडली आहे. मी जाणार आहे, पण डोळे उघडे ठेवून जाणार आहे.

होनोराता

---

पावाय,
२५ मार्च, गुड फ्रायडे

क्रिस्पिना,

अक्षर वाकडं आलं तर समजून घे. उजवा हात धड आहे, पण डावा उचलत नाही, त्यामुळे कागद धरायला काही नाही. वर बशी ठेवली आहे.

स्तन काढला. काखही साफ केली. मी जाताना दुसरी स्टेज होती. सोमवारी कागद आला, त्यावर तिसरी. चौदा दिवसांत दोनाचे तीन. डॉक्टरीण म्हणाली, काढलेल्या सोळा ग्रंथींपैकी पाचांत आजार सापडला. मी म्हटलं, मी इथे आले तेव्हा एकातही नव्हता, तुम्हीच म्हणाला होतात. ती म्हणाली, हाताला लागत नव्हता. मी म्हटलं, मग तुमच्या हाताचा दोष की चाकूचा? एडिथा मला दंडाला धरून बाहेर घेऊन आली, तेही दुखऱ्या दंडाला.

आता मला सगळं दिसतं आहे. एकतर चाकूने पसरवलं, बासिलिसा म्हणाली तसं. नाहीतर पहिल्यापासून तिसरीच होती, ते डॉक्टरणीने एडिथाला त्या सोळा मिनिटांत सांगितलं, तिने तुला कळवलं, आणि मला ऑपरेशनला तयार करायला तुम्ही तिघींनी मिळून दोनाचा आकडा ठरवला. तुझं ते वाक्य त्यासाठीच होतं.

आता सलाइनमधून औषध द्यायचं म्हणतात, सहा वेळा, दर तीन आठवड्यांनी. मी नाही म्हणून सांगितलं. एडिथालाही सांगितलं की माझ्या स्वयंपाकघरात पाय ठेवू नकोस. चार दिवस ती परसात विटा मांडून चूल पेटवते आहे आणि शेजारीपाजारी बघताहेत. बघू देत.

यापुढे तू मला मनांग म्हणायची गरज नाही.

होनोराता

---

बागियो,
२ एप्रिल

मनांग,

म्हणणार. तू नको म्हटल्याने नातं बदलत नाही.

आकडा वाढला नाही. तू इस्पितळाची पायरी चढलीस तेव्हाही तो तीनच होता, फक्त कुणाला माहीत नव्हतं. बाहेरून चाचपून बारीक दाणे लागत नाहीत, फोटोतही ते नेहमी दिसत नाहीत. ग्रंथी काढून, पातळ काप करून बघितल्या तेव्हा पाचांत सापडले. चाकूने त्या पाच भरल्या नाहीत; चाकू लागला म्हणून त्या पाच बाहेर आल्या. बासिलिसाचं ऐकून आत ठेवल्या असत्यास तर दोनाच्या आकड्यावर खूश होऊन तू मेली असतीस. हे मी मुद्दाम कडक लिहिते आहे.

तिसरीवरही बरं होणाऱ्या बायका मी वॉर्डात पाहिल्या आहेत. सगळ्या नाही. पण ज्यांनी औषध अर्धवट सोडलं त्यांच्यापेक्षा ज्यांनी पुरं केलं त्या जास्त. पहिल्या दिवशी लघवी लाल होईल. ते रक्त नव्हे, औषधाचाच रंग. पुढे आठवडाभर साधं पाणीही गंजक्या खिळ्यासारखं लागेल. तेव्हा पाण्यात कलामान्सीचं लिंबू पिळावं आणि प्लास्टिकच्या चमच्याने जेवावं, धातूचा चमचा तोंडात नको होतो. डोक्यावरची कातडी आधी दुखते, मग केस जातात; उशीवर मऊ कापड घाल.

आता तुझी सोळा मिनिटं. सोबत एडिथाचं पत्र ठेवते आहे. तिने कुणाला दाखवू नकोस म्हटलं होतं. मी वचन मोडते आहे, कारण पोर परसात स्वयंपाक करते आहे.

क्रिस्पिना

(सोबतचं पत्र)

पावाय, १२ फेब्रुवारी

आंटी क्रिस्पिना,

नानांगने स्वतःचं दुखणं तुला कळवलंच असेल. हे दुसरंच आहे. ती बाहेर बसल्यावर डॉक्टरांनी मला विचारलं, घरात आणखी कुणाला असं झालं होतं का. मी म्हटलं, आजीच्या छातीला जखम होऊन ती पंचेचाळिशीत गेली, त्या जखमेला कुणी नाव दिलं नव्हतं. तेव्हा त्या म्हणाल्या, मग तुलाही तपासते, आणि पडदा ओढून तिथेच तपासलं. आंटी, मलाही उजव्या बाजूला काहीतरी लागतंय. बारीक, वाटाण्याएवढं. गुरुवारी फोटो काढायला बोलावलं आहे. नवऱ्याला सांगितलेलं नाही. नानांगला तर सांगूच नकोस. शेवटी आई आहे, ती स्वतःचं ऑपरेशन टाकून माझ्यामागे लागेल, आणि तिच्याकडे तेवढा वेळ नाही.

तिला ऑपरेशनआधी काय खायला घालू? अंगात रक्त कमी आहे म्हणतात. कोंबडी चालेल का? आणि नंतर दंडाची काय काळजी घ्यायची तेही लिही.

एक विचारायचं आहे. आजी आणि तुझी आई सख्ख्या बहिणी. तुमच्या बाजूला कुणाला असं झालं होतं का? डॉक्टरांना सांगायचं आहे.

एडिथा

---

पावाय,
१७ एप्रिल

आडिंग,

पत्र वाचून मी परसात गेले. एडिथा विटांच्या चुलीवर शेवग्याचा पाला शिजवत होती. मी विचारलं, 'वाटाण्याएवढी कुठे आहे?' तिने भांडं खाली उतरवलं. म्हणाली, 'नुसतं पाणी निघालं, नानांग. सुईने काढून टाकलं. आता काही नाही.' मी तिच्या ब्लाउजवरून हात फिरवून बघितला. तिने फिरवू दिला, शेजारचे बघत असताना. मग मी ते भांडं उचलून आत आणलं. उजव्या हाताने.

सोमवारी त्या औषधाची पहिली बाटली घेतली. डॉक्टरणीला मी विचारलं की चाकूने पसरलं नाही हे मला कागदावर दाखवा. तिने रिपोर्ट काढला आणि ओळ न् ओळ बोट ठेवून वाचून दाखवला. मी चष्मा लावून तिच्या बोटाबरोबर वाचत गेले. बोटाने एकही ओळ गाळली नाही. चित्रसुद्धा पुन्हा काढायला लावलं, या वेळी समजलं. पोरगी खोटी नाही. रोज सकाळी भिंतीवर बोटं चालवत डावा हात वर न्यायला तिने सांगितलं आहे. काल खिडकीच्या चौकटीपर्यंत गेला. मागावर बसायला अजून वीतभर कमी आहे.

आता तुझ्याकडे येते.

लघवी लाल झाली. नर्सला ते ठाऊक असतंच, मान्य. पण पाणी गंजक्या खिळ्यासारखं लागतं, हे नर्सला कुठून कळतं? बाटली लावणारी पाणी चाखत नाही. कुणी पेशंटने सांगितलं असेल म्हणशील. बरं. मग प्लास्टिकचा चमचा, उशीवरचं कापड, डोक्याची दुखरी कातडी, हे सगळं एका दमात, पुस्तकात न बघता? पहिलं पत्र मी पुन्हा काढलं. पहिलीला, दुसरीला, तिसरीला तू भरभरून लिहिलंस. चौथीला चार शब्द.

दोन वर्षं झाली, नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी तू थडगी साफ करायला आली नाहीस. पाठीमुळे म्हणून नोकरी निवृत्तीच्या चार वर्षं आधी सोडलीस. नाताळच्या कार्डातल्या फोटोत लोकरीची टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. बागियोत थंडी असते, मान्य, पण भुवयांना?

एडिथाने तुला पत्राच्या शेवटी एक प्रश्न विचारला होता. तू काय उत्तर दिलंस ते मी तिला विचारलं. म्हणते, आंटीने लिहिलं, 'माझ्या माहितीत कुणी नाही.'

क्रिस्पिना, तुझा आकडा किती?

होनोराता

---

बागियो,
२५ एप्रिल

मनांग,

चार.

फेब्रुवारी २००३. त्याआधी वर्षभर पाठ दुखत होती. एकतीस वर्षं पेशंट उचलले, त्याची पाठ, असं मी धरून चालले. दुसऱ्या कुणी अशी पाठ घेऊन माझ्याकडे आली असती तर मी तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं असतं. स्वतःला तेल चोळत राहिले. फोटो काढला तेव्हा मणक्यात दोन ठिकाणी आजार होता. मग छाती चाचपली, आणि गाठ तिथे होती. कधीपासून, मला माहीत नाही. मी बघितलीच नव्हती.

लाल बाटल्या मीही घेतल्या. आता रोज एक गोळी आणि महिन्याला हाडांसाठी एक सलाइन.

सांगितलं नाही, कारण वॉर्डात चौथीच्या पेशंटकडे लोक कसे बघतात ते मी रोज पाहिलं होतं. मीही तशीच बघायचे. ते डोळे मला माझ्या माणसांच्या तोंडावर नको होते. हे एक कारण. दुसरं कारण लाजेचं आहे, ते तू ओळखलंच असशील.

आता जे तू अजून लिहिलेलं नाहीस ते मीच लिहिते. मी दोन वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर तू तेव्हाच तपासून घेतलं असतंस. एडिथाने घ्यायलाच लावलं असतं. तुझा आकडा कदाचित एक असता. कदाचित शून्य. आणि तिने सरळ विचारलं तेव्हाही मी नाही म्हणाले. तिच्या डॉक्टरणीला ते उत्तर हवं होतं, आणि मी खोटं दिलं, नर्स असून.

क्रिस्पिना

---

पावाय,
३० एप्रिल

क्रिस्पिना,

पत्र मिळालं. एडिथानेही वाचलं.

मी माफ केलेलं नाही. हे पक्कं लिहून ठेव.

परवा दुसरी बाटली. तिसरी तिकडे घ्यायला डॉक्टरणीने चिठ्ठी दिली आहे, तुझ्या डॉक्टरच्या नावाने. १९ मेच्या सकाळच्या बसने निघते आहे. तू तुझ्याबद्दल जे लिहिलं आहेस त्यावर माझा विश्वास नाही. तुझे कागद मी स्वतः बघणार.

होनोराता

---

बागियो,
२६ मे

एडिथा,

तुझी आई पोचली. तोंडाला फडकं बांधून, डोक्याला तिनेच विणलेला रुमाल गुंडाळून, सुक्या मासळीचं गाठोडं उजव्या हातात. दारात मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, 'वजन किती उतरलंय ते का नाही लिहिलंस?' मग आत येऊन कपाट उघडलं. गोळ्यांच्या पट्ट्या काढून रिकामी घरं मोजली. तेरा गोळ्या जास्त निघाल्या. मी रोज घेते असं तिला लिहिलं होतं, ते खोटं ठरलं. मी मध्येमध्ये सोडत होते. तिने विचारलं का. मी म्हटलं, कशासाठी घ्यायच्या. त्या दिवसापासून गोळी तिच्यासमोर गिळावी लागते आणि नंतर तोंड उघडून दाखवावं लागतं.

सोमवारी आम्ही दोघी इस्पितळात गेलो. तिची बाटली आणि माझं सलाइन एकाच खोलीत लागलं. त्याआधी डॉक्टर पालांगदान यांच्याकडे ती माझ्याबरोबर आत शिरली. त्यांनी विचारलं आपण कोण, तर म्हणाली, 'हिच्यावर विश्वास नसलेली बहीण.'

तिने माझ्या हाडांचे सगळे फोटो दिव्यासमोर लावायला लावले. पहिला, आणि आत्ता एप्रिलचा. मणक्यातल्या दोन डागांवर बोट ठेवून विचारलं, हे वाढले का. डॉक्टर म्हणाले, नाहीत. तिसरा कुठे आहे? नाही. यकृतात? नाही. मग ती म्हणाली, 'ही मरते आहे की नाही, ते सांगा.'

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, 'हा आजार जाणार नाही, बाई. पण आकडा आजार कुठवर पोचला ते सांगतो, माणसाकडे किती दिवस आहेत ते सांगत नाही. सव्वादोन वर्षं हा जागचा हललेला नाही. औषध चालतंय तोवर असंच राहू शकतं. महिने की वर्षं, मला खरंच माहीत नाही.'

'हे हिला आधी का नाही सांगितलंत?'

'त्यांनी विचारलं नाही. नर्स आहेत, त्यांना ठाऊक असेल असं मी धरलं.'

एडिथा, मला ठाऊक नव्हतं. स्टेज चार म्हणजे काय ते मी हजार बायकांच्या नातेवाइकांना सांगितलं असेल, पण घरी जाऊन जगणाऱ्या बायका मी बघितल्याच नव्हत्या. वॉर्डात शेवटच्याच यायच्या. दोन वर्षं मी त्यांच्यावरून माझा हिशेब लावत होते. खुर्चीत बसून सलाइन जात असताना मी रडले. तुझ्या आईने मान फिरवून दुसऱ्या भिंतीकडे बघितलं, आणि तिच्या बाटलीतली लाल धार किती उरली ते नर्सला दोनदा विचारलं.

माफ केलेलं नाही, हे ती रोज जेवताना सांगते. मी ऐकते. तिचं बरोबर आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे. आपल्या बाजूला तिघी: तुझी आजी, तुझी आई, मी. तुझ्या डॉक्टरांना हाच कागद दाखव. आणि दरवर्षी तपासून घे. बाकी चौघी मावसबहिणी आणि त्यांच्या मुली यांना आज मी एकेक पत्र लिहिते आहे, माझ्या नावासकट, माझ्या आकड्यासकट. तुझी आई टेबलाच्या पलीकडे बसली आहे. वाचल्याशिवाय एकही पाकीट बंद करू देणार नाही म्हणते. तुझं पहिलं आहे, ते आता मागते आहे.

तुझी आंटी,
क्रिस्पिना

ता. क. वाचलं. खरं लिहिलंय. पाठव म्हटलं.
– नानांग